डॅनीचा बसलेला फोटो

पोस्टिंग ऑर्डरवर माझं काम एका शब्दात लिहिलेलं होतं: क्लार्क. हवालदार क्लार्क, बटालियन ऑफिस. भाग उत्तरेकडचा, बर्फाचा. जागेचं नाव लिहीत नाही. मी नारायण पेठेतला, पुस्तकांत वाढलेला माणूस. कॅमेरा माझा स्वतःचा होता, म्हणून युनिटचे फोटो काढायचं कामही माझ्याकडे आलं.

रोज सकाळी आठला रोड ओपनिंग पार्टी निघायची. गाड्यांचा ताफा जाण्याआधी रस्ता तपासायचा, हे तिचं काम. सगळ्यांत पुढे लान्स नाईक दत्ता शेवाळे आणि डॅनी. डॅनी लॅब्राडॉर होता, पूर्ण काळा. जमिनीत पुरलेले सुरुंग वासावरून शोधायचा. दत्ता हडपसरचा. आम्ही दोघेच पुण्याचे, त्यामुळे संध्याकाळी चहा बरोबर व्हायचा.

"उस्ताद, पेठेत माणसं पाहुण्याला चहा देत न्हाईत म्हणं."

"देतो. तू निघालास की देतो."

तो हसायचा. डॅनीला मात्र, पॉलिशच्या वासानं नाक बिघडू नये म्हणून, माझ्या बुटांपासून लांब ठेवायचा.

त्या हिवाळ्यात कंपनी कमांडर मेजर साहेबांनी प्रशस्तिपत्रासाठी डॅनीची शिफारस वर पाठवायचं ठरवलं. सोबत फोटो हवा होता. मी तीन दिले. साहेबांनी ते टेबलावर पसरले.

"हवालदार, यात कुत्रा कुठे आहे? मला शाईचा डाग दिसतोय."

त्यांचं बरोबर होतं. बर्फावर कडक ऊन आणि त्यात काळं कुत्रं. कॅमेरा बर्फाच्या उजेडाला फसतो, सगळंच चित्र गडद करतो आणि कुत्र्याच्या जागी भोक उरतं. एक्स्पोजर वाढवलं तर केस दिसतात, पण मागचा डोंगर पुसला जातो. मला डोळे हवे होते. काळ्या कुत्र्याच्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका आला नाही तर तो जिवंत वाटत नाही. त्यासाठी ऊन तिरपं हवं आणि कुत्रं स्थिर हवं.

"याला बसव," मी दत्ताला म्हणालो.

"उस्ताद, ह्याला कामाबिगर बसवत न्हाई आम्ही. ह्यो बसला म्हंजी सांगितलं. खाली काय तरी हाय, असं."

"कॅम्पात काय असणार आहे? बसव."

मी हवालदार होतो, तो लान्स नाईक. त्यानं बसवलं. दोन दिवस, पार्टी परतल्यावर, दुपारच्या तिरप्या उन्हात, मी कॅमेरा वर केला की डॅनी बसायचा आणि दत्ता त्याला चेंडू द्यायचा. कामावर काही सापडलं की मिळायचा तोच चेंडू. दुसऱ्या दिवशी हुकूम द्यावा लागला नाही. कॅमेरा दिसला की तो आपणच बसला. मला कौतुक वाटलं. दत्तानं मान हलवली आणि चेंडू दिला.

डोळे आले, पण मागे कॅम्पाचे पत्रे दिसत होते. साहेबांना कुत्रा कामावर हवा होता. तिसऱ्या दिवशी मी पार्टीबरोबर निघालो.

दहा वाजता ऊन कड्यावरून रस्त्यावर उतरलं. बाकीची पार्टी मागे वळणावर होती. पुढे दत्ता आणि लांब दोरीवर डॅनी. मी त्यांच्या मागे पंधरा पावलांवर, तपासलेल्या रस्त्यावर. उजेड मला हवा होता तसाच होता. डॅनी डाव्या कडेला गेला, थांबला आणि बसला.

दत्तानं हात वर केला. "उस्ताद, बसला."

मी कॅमेरा डोळ्याला लावलेलाच होता. "बसू दे. फोटोसाठी बसलाय."

माझ्या हँडसेटवर मागून पार्टीच्या सुभेदार साहेबांचा आवाज आला. "का थांबला? ओव्हर."

"दोन मिनिटं, साहेब. ओव्हर," मी म्हणालो.

दत्तानं डॅनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॅनी कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. त्याचं नाक डावीकडे होतं. मला त्याचाच राग आला होता. त्यातून दत्ताची सावली त्याच्या तोंडावर पडली होती. मी एक फोटो काढला. डोळे काळेच राहिले.

"दत्ता, डावीकडे हो. सावली पडतेय."

तो एक पाऊल डावीकडे सरकला.

वेळ दहा चौदा. कॅमेऱ्यात नोंद आहे.

स्फोटानंतर सात मिनिटांनी, दहा एकवीसला, दत्ता गेला. जाण्याआधी एकदाच विचारलं, "डॅनी?" मी हो म्हणालो. डॅनी जिवंत होता. कानांतून रक्त येत होतं आणि तो तिथेच बसलेला होता. चेंडूची वाट बघत होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्करी चौकशीत, मला विचारलं, कुत्र्याने इंडिकेशन दिलं होतं का, म्हणजे बसून खूण केली होती का. मी म्हणालो, "नाही, साहेब." नोंद झाली: कुत्र्याने इंडिकेशन दिले नाही, हँडलर न तपासलेल्या जमिनीवर गेला. ते शुद्ध भाषेत मीच टाइप केलं.

डॅनीला ऐकू येईनासं झालं. त्याला सेवेतून काढलं. दत्ताच्या वडिलांनी अर्ज करून त्याला हडपसरला आणलं. मीही पुढे निवृत्त होऊन पेठेत परतलो.

या घटनेला चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात दत्ताच्या पत्नीचा, सुनंदाताईंचा, फोन आला. सासरे वारले होते. डॉक्टर म्हणाले होते, कुत्रं फार दिवस काढणार नाही. त्यांच्या मुलीला त्याचा एक फोटो हवा होता.

दुपारी एकला पोचलो. डॅनी घरामागे पत्र्याच्या शेडखाली साखळीला होता. तोंड पांढरं झालं होतं. भांड्यातलं पाणी उन्हानं तापलं होतं.

"आत घेत नाही?" मी सुनंदाताईंना विचारलं.

"कशाला? ह्याला एकच काम हुतं. तेवढं केलं असतं तर मालक घरी आले असते. मामंजींसाठी ठेवला, एवढंच."

ऊन डोक्यावर. अंगण पांढरं, शेडखाली अंधार. तोच जुना प्रश्न. त्यांनी डॅनीला साखळीनं ओढून शेडच्या तोंडाशी आणलं. मी कॅमेरा वर केला. डॅनीनं मान उचलली, मागचे पाय कसेबसे गोळा केले आणि बसला.

"बगा की! आमचं कुणाचं ऐकत न्हाई, आन् तुमच्यासाठी बसला."

त्या त्याच्याशेजारी उभ्या होत्या. मी कॅमेऱ्यातूनच म्हणालो, "ताई, जरा डावीकडे व्हा. सावली पडतेय."

त्या एक पाऊल सरकल्या.

मी कॅमेरा खाली घेतला. बॅगेत तो दहा चौदाचा फोटो होता. आणला होता, देईनच असं ठरवलं नव्हतं. तो त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. वेळेसकट.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. दत्ताची त्यात सावलीच आहे.

"ह्यो तिकडं बगतोय."

"हो."

"म्हंजी ह्यानं सांगितलं हुतं. आन् मालकांनी तुम्हाला सांगितलं हुतं."

"हो."

"आन् मी ह्याला चार वर्सं लाथेनं पानी सरकवलं."

त्यांनी साखळी काढली. डॅनी हलला नाही. दार उघडं होतं, पण ते आपल्यासाठी आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्या त्याच्यापुढे मातीत बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोटो ऱ्हाऊ द्या. तुम्ही निघा."

डॅनी आठव्या दिवशी गेला. मुलीला हवा होता तो फोटो मी काढलाच नाही.

बटालियनला पत्र पाठवलं आहे. पोच आली, उत्तर नाही. नोंद बदलेपर्यंत ती इथे करतो. लान्स नाईक दत्ता शेवाळे, वय एकतीस. डॅनी, त्याचा कुत्रा. सकाळी दहा चौदा. इंडिकेशन दिले होते.