उजेडातला मणी

कारंज्याच्या कैलासचंद कापडवाल्याची बायको अंगुरी बी. एस्सी. झालेली होती. सासरी त्याचं कौतुक इतकं, की आल्यागेल्याला ते ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. पण कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका तिला विज्ञान शिकवायला बोलवायला आल्या, तेव्हा सासू जतनबाई गोड हसून म्हणाल्या, "चातुर्मास होऊ दे." तो चातुर्मास झाला, पुढचाही झाला. ७३ साली आषाढ तोंडावर असताना मुख्याध्यापिका पुन्हा आल्या आणि सोमवारपर्यंत होकार नाही आला तर दुसरी बाई ठेवू, असं स्पष्ट सांगून गेल्या.

भांडावं तर कुणाशी? सगळे तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत. सासू खाष्ट असती तर बरं झालं असतं. खाष्ट सासूच्या घरातून सून निदान पाय आपटत तरी बाहेर पडते. नवरा तर अकोल्याला माल आणायला गेला, की तिच्यासाठी विज्ञानाची मासिकं घेऊन यायचा.

अशाच एका मासिकात तिनं वाचलं, की अमेरिकेत कुणी लेसरच्या झोतावर धुळीच्या कणाएवढा काचेचा मणी हवेत तरंगत धरून ठेवलाय. झोत मध्ये प्रखर, कडेला मंद. मणी जरा कडेला सरकला, की उजेडच त्याला पुन्हा मध्ये ओढतो. हात नाही, दोरी नाही. अंगुरीला ते वाचून रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी गाळताना तिनं ते सासूला सांगितलं. जतनबाई गाळणं उलटं करून बादलीत धूत होत्या. गाळण्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव म्हणजे जिवाणी. ती परत विहिरीत सोडण्याचं काम त्या कुणावर सोपवत नसत. त्यांचा हात थांबला.

"त्या मण्यात जीव राह्यते काय?"

नाही, नुसती काच असते, अंगुरी म्हणाली.

"मंग ठीक. जिवाले असं धरून ठेवनं पाप हाय. उजेडानं धरलं तरी पापच."

"आई, जीव तर मले बी हाय," अंगुरी म्हणाली. "मले शाळेत जाऊ द्या."

जतनबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बुडाला कडी असलेली ती बादली त्यांनी हळूहळू विहिरीत सोडली. ती पाण्याला टेकल्यावरच उलटी केली, वरून पडून एकाही जिवाला लागू नये म्हणून. मग दोर गुंडाळून ठेवला आणि ओला हात सुनेच्या गालावरून फिरवला.

"जाशीन ना, बाई," त्या म्हणाल्या. "एवढा चातुर्मास होऊ दे."