दहा बोटांची कॉर्ड

ही फजिती मीच सांगते, कारण आमच्या ग्वाल्हेरच्या नई सडकवर ती माझ्याआधी सांगून झालीये, आणि तिथे कुणी माझी बाजू घेत नाही.

चार वर्षं परदेशात पियानो शिकून मी ग्वाल्हेरला परत आले. डोक्यात एकच: आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये जुना पियानो आहे, तिथे मुलांचा मोफत वर्ग काढायचा. अध्यक्ष जाधव काकू म्हणाल्या, "रविवारी समितीला वाजवून दाखव. पटलं तर वर्ग, नाहीतर पियानो जाईल आणि तिथे कॅरम येईल."

त्या पियानोवर पाध्ये काका कित्येक वर्षं भजनांना साथ करतात. मी ऐकायला गेले आणि जीव कासावीस झाला. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकत्र, बरोबर? काका ते एकेक करून वाजवत होते. मटार सोलल्यासारखे. सा... ग... प...

"काका, सगळे सूर एकदम दाबायचे असतात."

"असतात ना बेटा. पण इथे असंच बरं पडतं."

"सवय बदलता येते, काका."

"मेरी तो बदल जाएगी. ह्याची नाही बदलणार," म्हणत त्यांनी पियानोवर थाप मारली. हलकीच.

आता ह्यावरून शहाण्या माणसाने काहीतरी ओळखलं असतं. मी काय केलं? आठवडाभर रोज त्यांनाच शिकवलं. मनगट कसं हवं, खांद्यातून ताकद कशी आणायची, सगळं तोंडीच, पट्टीला हात न लावता. काका मान डोलवत ऐकायचे आणि परत मटार सोलायला घ्यायचे. शेवटी वैतागून मी जाधव काकूंना सांगितलं, रविवारी आधी काकांची पद्धत ऐका, मग खरी पद्धत. म्हणजे फरक कळेल.

फरक कळला.

काका वाजवून उठले. मी बसले. "कॉर्ड कशी भरून यायला हवी," असं छोटंसं भाषणही केलं. मग खांद्यापासून ताकद आणून दहाही बोटं एकदम.

दणदणीत आवाज झाला. मी हात उचलले. पट्ट्या उठल्या नाहीत. दहाच्या दहा, खालीच.

"झालं का गं?" जाधव काकूंनी विचारलं.

मी पुन्हा दाबल्या. खाली गेलेल्या पट्ट्या आणखी कुठे जाणार?

काका वाकून नखाने एकेक पट्टी वर काढू लागले. "लाकूड फुगलंय गं. जोरात दाबली की अडकते. हळू, एकेक वाजवली तर परत येते."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू बोलत होतीस ना." चौथी पट्टी वर आली. "मुरारला भाचीकडे चांगला पियानो आहे. तिथे मी तुझ्यासारखंच वाजवतो."

काकांचं वाजवणं समितीला पटलं, म्हणून वर्ग मंजूर झाला. कॅरम टळला. काका शिकवतात, आणि मलाही समितीने एकमताने काम दिलंय. मी त्यांच्या शेजारी बसते आणि मुलांनी अडकवलेल्या पट्ट्या वर काढते.

"एकदम नको बेटा," काका सांगतात. "एकेक."