मतलई वारा

दहावीची परीक्षा बाहेरून देणाऱ्या वनिताताई दर रविवारी माझ्याकडे शंका घेऊन येतात. कधी बीजगणित, कधी इतिहास, कधी व्याकरण. मी निवृत्त शिक्षक. जमेल तेवढं सांगतो. परवा भूगोलातल्या एका प्रश्नावर त्यांचं बोट अडून राहिलं. 'खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक स्पष्ट करा.'

"सर, पाठ करते आणि उलटंच लिहिते," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर समुद्रकाठचं, हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारलं, "तुमचे वडील होडी घेऊन केव्हा निघायचे?"

"पहाटे. जमिनीवरून वारा सुटला, की शीड भरायचं. दुपारी उलट वाऱ्यावर परत." बोलता बोलता त्या थांबल्या. "म्हणजे पुस्तकातला वारा आमचाच?"

लहानपणभर अंगावर घेतलेला वारा छापलेल्या ओळीत त्यांना ओळखू कसा आला नाही, याचं मला नवल वाटत राहिलं. पुस्तकातला प्रश्न आपल्याबद्दल नसतोच, असं आपण फार लवकर धरून चालतो का? मग वाटलं, मी तरी कुठे वेगळा? मी माणदेशातला. हा धडा वर्षानुवर्षं शिकवला, पण तो वारा कधी अनुभवला नाही.

"कसा असतो हो तो पहाटेचा मतलई?" मी विचारलं.

"गार. आणि भर समुद्रात त्याला मातीचा वास येतो, असं बाबा सांगायचे." त्यांनी पेन उचललं. "हे लिहू उत्तरात?"

त्याला गुण मिळतील का, ते मला सांगता येईना. तरी म्हटलं, "आधी तेच लिहा."