भिवाची फुंक

सोमवारी छाती आवळते हे गिरणीच्या कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. रविवारी माणूस घरी जरा मोकळा होतो. सोमवारी पुन्हा कापसाच्या धुरळ्यात उभा राहिला की दुपारपर्यंत बरगड्यांना कुणी दोरी बांधल्यासारखं होतं. भिवाची तर हल्ली सगळ्याच वारांना आवळलेली असायची. करी रोडच्या चाळीचा जिना चढताना तो मध्येच कठडा धरून उभा राही, श्वास आला की पुढे चढे. त्याबद्दल तो काही बोलत नसे. बोलण्यासारखं त्याला काही वाटतही नसे.

संयुक्त महाराष्ट्र मिळणार हे नक्की झालं, त्या हिवाळ्यात परळच्या एका इस्पितळातून मृणालिनीबाई नावाच्या डॉक्टर गिरणीच्या दवाखान्यात येऊ लागल्या. त्यांच्याकडे एक नवं विलायती यंत्र होतं. गोल डबा, त्यावर घड्याळासारखी तबकडी, पुढे तोंडात धरायची नळी. पूर्ण श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात फुंकायचं. काटा जिथवर जाईल तो आपला आकडा.

पहिल्याच दिवशी रांगेत आकड्यांची चढाओढ लागली.

"माझा चारशे!" धोंडू ओरडला. "भिवा, तुझा?"

"दोनशे दहा."

"अरे, मोर्च्यात तर आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचास. सगळा वारा तिथंच संपवलास काय?"

लोक हसले. भिवाही थोडा हसला.

"एकमेकांशी ताडून बघू नका," बाई म्हणाल्या. "उंची वेगळी, वय वेगळं. माझा आकडा माझ्यापुरता, तुमचा तुमच्यापुरता. सकाळी फुंका आणि पाळी सुटल्यावर पुन्हा फुंका. संध्याकाळी फार घसरला तर दोष कापसाचा. मग दुसऱ्या खात्यात पाठवा म्हणून मी लिहीन."

"आणि नाही घसरला तर?" धोंडूने विचारलं.

"सकाळी चांगला असेल तर चिंताच नाही. पण दोन्ही वेळा खालीच राहिला, तर फुप्फुसच थकलंय असं धरावं लागेल. मग खातं बदलून काय होणार?"

भिवाचा संध्याकाळचा आकडा दोनशे आला. पुढच्या सोमवारी सकाळीही दोनशे, संध्याकाळीही दोनशे. बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "येत्या सोमवारी शेवटचं बघते. असाच राहिला तर तुम्हाला घरी बसा म्हणूनच लिहावं लागेल."

"बरं," भिवा म्हणाला.

घरी त्याची बायको राधाबाई शेगडीपुढे बसली होती. त्याने जेवायच्या आधी सांगून टाकलं.

"घरी बसा? आणि तुमी नुसतं 'बरं' म्हणून आलात?"

"मग काय म्हणू?"

"एवढा पाण्याचा हंडा उचलता, आणि फुप्फुस गेलं म्हणतात?" तिने फुंकणी त्याच्या हातात दिली. "कसं फुंकलात दाखवा बघू. ह्यात फुंका."

भिवाने दवाखान्यातल्या नळीसारखीच फुंकणी मुठीत धरली, श्वास घेतला आणि फुंकलं. निखारा जेमतेम लाल झाला.

राधाबाईने त्याची मूठ बाजूला केली. "परत फुंका."

मुठीआड दिसत नव्हतं ते आता दिसलं. फुंकणी ओठांपासून बोटभर लांब होती.

"तोंड का लावत नाही तुमी?"

भिवाने फुंकणीकडे पाहिलं. हे त्याला ठाऊकच नव्हतं. "रांगेत माझ्यामागं माणसं असतात," तो म्हणाला.

राधाबाईला कळलं. कापड विणायच्या साच्यावरचा कामगार आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तो धागा तोंडाने ओढून घेतो. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, म्हणून त्यांच्या जातीच्या माणसांना विणकामाच्या खात्यात कधी घेतलं नाही. भिवाच्या बापालाही नाही. गावी पाणीही लांबून, वरून ओंजळीत ओतलेलं. दीक्षा घेऊन तीन वर्षं झाली होती. देव्हारा गेला, नाव बौद्ध झालं. ओठ तेवढे जुन्या जागी राहिले होते.

"धोंडू काय बोलला का?"

"तो कशाला बोलेल? मोर्च्यातल्या लाठीमारात माझा हात धरून पळालाय तो."

"मग लावा तोंड. नाहीतर बसा घरी, त्यांची नळी सांभाळत."

सोमवारी सकाळी भिवा रांगेत उभा राहिला. बाई प्रत्येक माणसानंतर नळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होत्या. दोन सोमवार तो इथेच उभा होता, पण हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याची पाळी आली. त्याने ओठ नळीवर घट्ट मिटले. थंड लागली. त्याने फुंकलं.

बाईंनी तबकडी जवळ घेतली. "तीनशे सत्तर. आधी काय करत होतात?"

"हवा बाहेर जात होती," भिवा म्हणाला.

"आयला, आज काय खाऊन आलास?" धोंडू मागून म्हणाला आणि पुढे झाला. बाईंनी नळी पुसून त्याच्या हातात दिली. धोंडूने ती सदऱ्याच्या बाहीला आणखी एकदा पुसली आणि तोंडात घातली. पुसताना तो बाईंशी बोलत होता. आपण काय केलं ते त्याला कळलंही नसावं. भिवाला वाटलं, आपल्याला राग येईल, पण आला नाही. तो खात्यात गेला.

पाळी सुटल्यावर तो परत आला. ओठ घट्ट लावून फुंकलं. दोनशे साठ.

"बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "एका दिवसात एवढा खाली! म्हणजे कापूसच. सकाळी वर येतो, म्हणजे फुप्फुसात अजून जीव आहे. मी कापडाच्या घड्या घालायच्या फोल्डिंग खात्यासाठी लिहिते. तिथे धुरळा नाही."

आपला आकडा पडला म्हणून कुणाला आनंद झालेला भिवा पहिल्यांदाच पाहत होता.

पंधरवड्याने तो फोल्डिंगला गेला. तिथे कापडाची ठाणं, खळीचा वास, बोलणं ऐकू येईल इतकी शांतता. सोमवारी संध्याकाळी बाईंनी बोलावून फुंकायला लावलं. काटा तीनशे साठवर थांबला.

घरी राधाबाईने विचारलं, "आता बरं वाटतं का?"

भिवाने छातीवर हात ठेवून पाहिलं. श्वास आत जात होता, बाहेर येत होता.

"आकडा तीनशे साठ आला, म्हणजे वाटायला पाहिजे," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.