पुसलेला बिघाड

माझी गाडी चालताना कधीच बंद पडली नाही. ती उभी राहिली की बंद पडायची. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, की इंजिनाला उचकी लागायची आणि ते गप्प व्हायचं. मग समोर एक पिवळा दिवा लागायचा आणि मागे हॉर्न. किल्ली फिरवून, ॲक्सिलरेटर दाबून, मनातल्या मनात शिव्या देऊन मी ती पुन्हा चालू करायचे. थंडीत हे क्वचित व्हायचं, उन्हाळा लागला की रोज.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. आम्ही बहरीनला, मुहर्रक बेटावरच्या अरादमध्ये राहायचो. दोघंही नागपूरकडचे. नवरा एसीच्या कंपनीत सुपरवायझर आणि मी मीना सलमान बंदरात एका शिपिंग ऑफिसात कम्प्युटर ऑपरेटर. गाडी घ्यायच्या आधी ऑफिस सुटलं की मी समोरच्या गोदामाच्या सावलीत उभी राहून नवऱ्याची वाट बघायचे. सावली सरकली की मीही सरकायचे. त्याचं साइटवरचं काम आटोपलं तर तो वेळेवर यायचा, आणि ते कधी आटोपायचं नाही. येणारेजाणारे ड्रायव्हर, खलाशी मला निरखून जायचे. मला त्या भिंतीचा इतका संताप यायचा की एकदा मी तिला चपलेने मारलं होतं.

म्हणून मी लायसन्स काढलं. बऱ्याच खेपा नापास होऊन काढलं, पण काढलं. आणि माझ्या पगारातून ही जुनी जर्मन गाडी घेतली. कागद माझ्या नावावर होते. घरात मात्र ती 'आपली गाडी' होती, आणि बिघडली की 'तुझी गाडी'.

एकदा नवरा शेजारी बसलेला असताना मुहर्रकला जाणाऱ्या समुद्रावरच्या कॉजवेच्या तोंडाशी ती बंद पडली. मागे सिमेंटचा ट्रक होता. तो थांबला, पण अगदी आमच्या डिकीला नाक लावून थांबला. घरी आल्यावर नवऱ्याने दोन ग्लास पाणी प्यायलं आणि म्हणाला, "विकून टाकू."

"काऊन? दुरुस्त करू ना."

"किती गॅरेजवाल्यांना दाखवली? सगळे म्हणून राहिले, काही दिसत नाही. मी रोज ऑफिसात बसून तुझाच विचार करत राहू का?"

आठवडाभरात त्याने गिऱ्हाईकही आणलं. त्याच्या कंपनीतला एक फोरमन, शुक्रवारी संध्याकाळी गाडी बघायला येणार होता. मी तीन दिवस नवऱ्याच्या डब्यात फक्त दोडक्याची भाजी दिली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली आणि डबा घासून परत आणला, कारण डबा खरकटा आणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

त्याच्या स्वच्छतेबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे महिन्यातून एकदा बुद्धवंदनेला ओळखीची कुटुंबं जमायची. त्या दिवशी हा माणूस पहाटेपासून फडकं घेऊन फिरायचा. पंख्याची पाती, स्विचांची बटणं, टेलिफोनची वायर, सगळं पुसायचा. पाहुणा दारात येईपर्यंत जे पुसून झालं नसेल ते बेडरूममध्ये ढकलून दार लावायचा. एकदा या नादात माझा चष्मा आत गेला आणि सगळी वंदना मी अंदाजाने केली.

तर गाडी वाचवायला मला फक्त शुक्रवारपर्यंत वेळ होता. त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसच्या गल्लीतला स्पेअर पार्टवाला माझ्याकडे आला. हे गृहस्थ राजापूरचे. दुकान छोटं आणि तोंड मोठं. त्यांचा मामेभाऊ जहाजावर होता आणि त्याने युरोपातून एक केबल आणि तीन फ्लॉपी आणून दिल्या होत्या.

"वैनी, ही केबल गाडीला लावायची आन् दुसरं टोक कम्प्युटरला. गाडी सोताहून बोलते, माजा हा पार्ट बिघडलाय. दुकानावर गाडी तपासणीचा बोर्डसुद्धा रंगवून ठेवलाय मी. फक्त कम्प्युटरचं मला काय कळत नाय."

"तुमच्याकडे कम्प्युटर आहे का?"

"नाय. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

माझ्याकडे ऑफिसने मोडीत काढलेला एक लॅपटॉप होता. विटेसारखा जड. त्याची बॅटरी चहाचा कप संपेपर्यंत टिकायची, तेही चहा गरम पिणाऱ्याचा. सौदा ठरला. मी त्यांचं सॉफ्टवेअर चालू करून द्यायचं आणि पहिली तपासणी माझ्या गाडीची.

रोज ऑफिसमधून आल्यावर मी लॅपटॉपशी झटापट करायचे. पहिली फ्लॉपी गेली, दुसरी अर्ध्यावर अडकली. ती काढून, झटकून, पुन्हा घातली की थोडी पुढे सरकायची. सॉफ्टवेअर एकदाचं उतरलं तर सगळं जर्मनमध्ये. ऑफिसात बोटींच्या कागदांसाठी एक डिक्शनरी होती, ती घरी आणली. मग कळलं की हे प्रकरण विंडोजमध्ये चालतच नाही, काळ्या पडद्यावर डॉसमध्येच चालतं. तिथेही ते म्हणे, गाडी सापडत नाही. गाडी खिडकीखाली उभी होती, मला दिसत होती, त्याला सापडत नव्हती. शेवटी लक्षात आलं की लॅपटॉपला मागे या केबलच्या मापाचं एकच भोक आणि त्यात मी माउस खुपसलेला. केबल मी प्रिंटरच्या भोकात कोंबत होते. माउस काढला, केबल लावली, आणि प्रथमच पडद्यावर काहीतरी हललं.

नवरा हे सगळं बघत होता. त्याचा विक्रीचा बेत कायम होता, पण बायको वायरींमध्ये बसलीय आणि आपण पेपर वाचतोय, हेही त्याला बघवेना. त्याने खिडकीतून खाली एक्स्टेन्शनची वायर सोडली. वायर भिंतीला नीट टेपने चिकटवली, लोंबायला नको म्हणून. मी त्याला जर्मन मेनू समजावला. "हे बटण दाबलं की बिघाड वाचायचे. हे दाबलं की पुसायचे. दुरुस्ती झाल्यावर पुसतात." त्याने मान डोलावली. त्यातला कोणता शब्द त्याच्या मनात जाऊन बसला, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शुक्रवार उजाडला. दुकानदार जुम्म्याची नमाज आटोपून येणार होते. आम्ही आधीच खाली उतरलो. ऊन असं की लॅपटॉपचा पडदा हळूहळू काळा पडायला लागला. नवऱ्याने वर छत्री धरली आणि लॅपटॉपखाली ओला टॉवेल ठेवला. मी केबल जोडली, किल्ली फिरवली, बटण दाबलं. आणि गाडी बोलली. एकाखाली एक, लाल अक्षरांत, लांबलचक जर्मन शब्दांची रांग. त्यातला एकही मला कळला नाही, पण मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याचा हात धरला. त्याच्या हातात छत्री असल्याने ती लॅपटॉपवरून हलली.

"दुकानदार आले की डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावू. मी चहा टाकून येते," असं म्हणून मी वर गेले. पोहेही केले, कारण नमाज पढून आलेला माणूस उपाशी असतो.

ट्रे घेऊन खाली आले तर दुकानदार पोचले होते आणि दोघं पडद्यासमोर उभे होते. पडदा कोरा होता. मधोमध एकच ओळ.

"वैनी, काय बिघाडच नाय हो. गाडी एकदम तंदुरुस्त."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो छत्रीच्या दांड्याकडे बघत होता.

"पुसलं का तुम्ही?"

"अगं, हे येताना दिसले मला कोपऱ्यावर," तो म्हणाला. "बाहेरचा माणूस येऊन राहिला आणि समोर ती लाल लाल रांग. बरं दिसते का ते?"

मी ट्रे बॉनेटवर आपटला. पोहे उडाले. "मुद्दाम केलं तुम्ही. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, त्याला गाडी चांगली दिसावी म्हणून."

हे त्याला लागलं. तो इतका सरळ माणूस की बसचं तिकीट तपासायला कोणी आलं नाही तरी जपून ठेवायचा. "खोटं दाखवून गाडी विकीन मी?" एवढंच म्हणाला आणि बॉनेटवरचे पोहे गोळा करायला लागला. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून मोठा होता.

दुकानदारांनी उरलेले पोहे खात तोडगा काढला. "गाडीची याद्दाश्त गेली खलास. आता ती परत बंद पडली तरच परत लिहून ठेवील. म्हणून तिला बंद पाडायची. लांब घेऊन चला, तापू द्या."

झालं, आम्ही तिघं गाडी बिघडवायला निघालो. मी स्टिअरिंगवर, शेजारी दुकानदार, मागे नवरा. त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप, तान्ह्या बाळासारखा. बॅटरी थोडीच, म्हणून गाडी बंद पडेपर्यंत तो उघडायचा नव्हता.

आणि गाडी बंद पडेना. ज्या सिग्नलांनी माझी अब्रू घेतली होती, तिथे ती थांबून गुणी मुलीसारखी गुरगुरत राहिली. मी लाल दिवे शोधत हिंडले. हिरवा दिसला की वेग कमी करायचे, म्हणजे लाल होईल. मागचे हॉर्न वाजवायचे ते आता वेगळ्या कारणासाठी. मनामा संपलं, वस्ती संपली, एसी बंद करून खिडक्या उघड्या टाकल्या, तरी तिचं आपलं चालूच. दुकानदारांचा जुम्म्याचा पांढरा सदरा पाठीला चिकटला.

"वैनी, मी काय बोलतो, सॉफ्टवेअरनेच बरी झाली नसेल ना?"

"पुसल्याने कोणी बरं होत नाही," मी मागच्या सीटला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

असं करत आम्ही पार झल्लाकला, पश्चिम किनाऱ्यावर पोचलो. एका रिसॉर्टच्या गेटपाशी मी वळायला थांबले. इंजिनाला उचकी लागली. पिवळा दिवा लागला. गाडी बंद.

आम्ही तिघंही ओरडलो. दुकानदारांनी "अलहमदुलिल्ला" म्हणून डॅशबोर्डवर थाप मारली. गेटवरचा वॉचमन धावत आला, गाडी ढकलून देऊ का म्हणाला, आणि नवऱ्याने त्याला "नको नको, बंदच पाहिजे" असं हिंदीत समजावलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि तिथूनच आम्हाला बघत राहिला.

लॅपटॉप उघडला, केबल लावली. या खेपेला नवऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. पडद्यावर एकच ओळ आली. भलामोठा शब्द, पण त्याच्या शेपटाकडे 'टेम्परेचर'सारखं काहीतरी वाचता येत होतं. डिक्शनरीने बाकीचं लावलं. इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. तो गाडीला तापल्यावर खोटं सांगायचा आणि गाडी घुसमटायची. बॅटरी संपली आणि पडदा गेला.

"आता हा शब्द तिघांनी पाठ करा," मी म्हणाले.

"पाठ कशाला?" दुकानदार म्हणाले. "तो सेन्सर माज्या दुकानात हाय. कोणी घेत नाय म्हणून वरच्या फळीवर टाकलाय."

परतीला मात्र गाडीने सगळा हिशेब चुकता केला. पुन्हा मूळ स्वभावावर आल्यासारखी ती प्रत्येक सिग्नलला बंद पडू लागली. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने ॲक्सिलरेटर, असं करत मी ती ओढत आणली. दोनदा नवरा आणि दुकानदार उतरून ढकलायला लागले. गिऱ्हाईकाची वेळ होत आली होती. मला वाटायला लागलं, सेन्सर सापडूनही काही उपयोग नाही. आता नवरा घरी पोचून त्या फोरमनला किल्ली देईल, आणि उद्यापासून मी आणि ती भिंत. मी रस्त्याकडे बघत राहिले.

कॉजवेच्या अलीकडे ती पुन्हा बंद पडली. मागे ट्रक होता, याही वेळेला. मी किल्ली फिरवली, ॲक्सिलरेटर दाबला, ती चालू झाली. ट्रकवाल्याला हात दाखवला, गाडी बाजूला घेतली. मागून नवऱ्याचा आवाज आला.

"सरळ नको जाऊ. उजवीकडे घे."

"घर सरळ आहे."

"मीना सलमानला चल. सेन्सर आजच बसवू." मग दुकानदारांना म्हणाला, "दुकान उघडून देता ना?"

"इंशाल्ला, चावी खिशातच हाय."

"आणि तो माणूस येऊन थांबला असेल त्याचं काय?" मी विचारलं.

"त्या पेट्रोल पंपावर थांब जरा."

पंपाच्या कोपऱ्यात टेलिफोनचा बूथ होता. नवरा लॅपटॉप दुकानदारांच्या मांडीवर ठेवून उतरला. घामाने सगळा भिजलेला, पँटला डिकीची धूळ, पण जाताना त्याने केस नीट केले. खिडकी उघडी होती. त्याचं हिंदी मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"नहीं भाई, मत आओ. गाड़ी बेचना नहीं है... नहीं नहीं, दाम की बात नहीं. गाड़ी मेरी है ही नहीं. मेरी बीवी की है. मैंने उससे पूछा ही नहीं था."

मला उतरून त्याच्याजवळ जायचं होतं. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असता तर गाडी बंद पडली असती. म्हणून मी बसल्या जागीच रडले, आणि दुकानदार मान वळवून पेट्रोलचे भाव वाचत बसले.