ओली चूल

दुसरबीडच्या फाट्यावर मेहकरची एस.टी. थांबली, तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी वळकटी स्वतः टपावर चढवली. कंडक्टर घाई करत होता. माय मात्र खिडकीखाली उभी राहून, बस जणू तिच्याच हुकमाची वाट पाहत असल्यासारखी निवांत सांगत होती, "कोणाशी भांडू नको. भांडायचंच झालं तर आधी जेवून घे."

दादा हसले. "भांडू दे गं त्याला. पत्रकं वाचून पोट भरत नाही हे खरं, पण भूक कोणी लावली ते तरी कळतं."

बस हलली. दोन्ही बाजूंची ज्वारी वाऱ्यावर लवत होती, आणि आपण रस्त्यानं नाही तर त्या हिरव्या पाण्यावरून वाहत चाललोय असं मला वाटलं. मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल की निघणारा माणूस मोठा निश्चय करून निघतो. माझ्यासारखे निघून गेलेले जाणतात, निघणारा अर्धा झोपेतच असतो.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. आमच्या घरात आठवडी बाजारातून मीठ-मिरचीबरोबर पत्रकं यायची. संयुक्त महाराष्ट्राची, वेगळ्या विदर्भाची, कसेल त्याच्या जमिनीची. एकमेकांना शिव्या घालणारी ती पत्रकं दादा एकाच सुरात वाचून दाखवायचे. मी अक्षरं शिकलो ती त्यांच्यावर. म्हणूनच शेगावच्या एका लहानशा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम मिळालं, तेव्हा मला वाटलं, आपण कारखान्यात नव्हे, थेट तोफखान्यात भरती झालो.

तिथे पहिल्या दिवशी मी "मला" म्हणालो, तर सगळे हसले. आमचं बोलणं जालन्याकडे झुकलेलं, त्यांचं अस्सल वऱ्हाडी. "पुन्याहून आला काय बे?" मशीनवाल्यानं विचारलं. ज्याचं बोलणं ऐकून पुण्याचे लोक हसले असते, त्याला शेगावनं पुण्याचा ठरवलं. मग हळूहळू मीही "मले" म्हणू लागलो.

शेगावातल्या त्या पहिल्या दिवसांतल्या सकाळी मला अजून स्वप्नातल्यासारख्या आठवतात. जिनिंगमधून उडालेला कापूस हवेत तरंगत असायचा. स्टेशनाकडून यात्रेकरू येत, त्यांच्या डोक्यांवर तो पांढरा कापूस बसे, आणि धुक्यातून कोणी अनोळखी पाहुणे येत आहेत असं वाटे. त्यांच्यातले काही परत जात नसत. ते दर्शनाला आलेले असत, पण त्यांना परत जायला घर नसे. धर्मशाळेत तीन दिवस राहायचा रिवाज होता. तीन दिवस झाले की ते गाठोडं बांधून दुसऱ्या धर्मशाळेत जात, तिथून स्टेशनावर, तिथून पुन्हा पहिलीत. गाव त्यांना यात्रेकरू समजे. ते वर्षानुवर्षं त्याच यात्रेत होते.

गिरजामावशी त्यांच्यातली. छापखान्यासमोरच्या हापशीवर ती रोज भांडी घासायला यायची. आजारी नवऱ्याला घेऊन ती शेगावला आली होती. तो इथेच गेला. गावी परतली तर दिरांनी दार उघडलं नाही. ती दाणेबाजारात धान्य निवडायची आणि कोणापुढे हात पसरायची नाही. आमच्या छपाईच्या शाईचा वास वाऱ्यावर आला की म्हणायची, "तुमच्या कारखान्यात काय करपून राह्यलं बाबू?"

तिला घर नाही याचा मला राग आला. माझा राग नेहमी छापूनच बाहेर पडतो. "डोक्यावरचं छप्पर ही दया नव्हे, हक्क आहे" अशी सुरुवात करून मी एक पत्रक लिहिलं, मालकाच्या परवानगीनं उरलेल्या कागदावर छापलं आणि गल्लोगल्ली वाटलं. लोकांनी शाबासकी दिली. खोली कोणी दिली नाही. जिथे विचारायला जाई तिथे हेच प्रश्न: कोनाची हाय? गाव कोनतं? मांगं कोन हाय?

शेवटी द्वारकामामी भेटली. मामी म्हणजे छापखान्यामागे एकटी राहणारी विधवा बाई, तोंडाची फटकळ. तिच्या गोठ्याला लागून एक खोली रिकामी होती. पत्रक तिनं उलटंसुलटं करून परत दिलं. "मले हे समजत न्हाई. बाई निर्मळ हाय का, थे सांग."

"हाय, मामी."

"मंग आन."

गिरजामावशी गाठोडं घेऊन तिथे राहायला आली, त्या दिवशी मी छापखान्यात गात होतो म्हणे.

तीन दिवसांनी सकाळी मामी छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. "गेली तुही बाई! सांगनं न्हाई, इचारनं न्हाई."

मी जाऊन पाहिलं. खोली झाडून सारवलेली, दार नीट ओढून घेतलेलं, आत काडीही उरलेली नाही. गिरजामावशी स्टेशनावर गाठोड्यापाशी बसली होती. तिला माझंच नवल वाटलं. "तीन दिवस झाले नं बाबू."

मी तिला परत आणलं. ती खोली तिचीच आहे, यात्रेकरूची नाही, हे समजावलं. तिनं कीर्तन ऐकावं तशी मान डोलवली, "हाव" म्हणाली, आणि पुढच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा सारवून निघून गेली. मनाला पटलं होतं. पण पायांना कोण समजावणार? कोणी हाकलायच्या आत आपण होऊन उठायचं, एवढाच मान इतकी वर्षं तिच्या हातात उरला होता.

"आता पुन्हा गेली तं मी कडी लावून घेईन," मामीनं बजावलं. "माह्या मावसभावाले खोली पाह्यजे. थो मांगंच लागून हाय."

मी तेव्हा खरोखर घाबरलो. शेगावात दुसरं दार नव्हतं. मी सगळी ठोठावली होती.

गिरजामावशीला मी पुन्हा परत आणलं. धर्मशाळेच्या सवयीनं तिनं तीन दगड मांडले आणि भाकर टाकायला बसली. मामी गोठ्यातून ओरडली, "कोनत्या जत्रेत आली वं तू? दगडानं माही भुई काळी करून राह्यली! चूल घाल की मायबाई. का येत न्हाई?"

"येत न्हाई कशी?" गिरजामावशी उसळली. तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "माह्या चुलीवर साऱ्या गल्लीनं पुरनपोया खाल्ल्या!"

"मंग दाखव. तोंडानं चूल पेटत न्हाई."

त्याच दुपारी तिनं माती कालवली. शेण, भुसा, चिकट माती. मामी दारात उभी राहून खोड्या काढत होती, बाजूचा वैल लहान झाला म्हणत होती, आणि मधूनमधून पाणीही आणून देत होती. चूल उभी राहिली. पण ती लगेच पेटवता येत नाही. सावलीत वाळू द्यावी लागते, भेग दिसली की ओला हात फिरवावा लागतो. त्यात मामीच्या शेळीला त्या मातीची ओढ लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाआधी तिथे गेलो. गाठोडं बांधलेलं होतं. भुई सारवलेली होती. गिरजामावशी गाठोड्यावर बसली होती आणि हाताशी एक काठी होती, शेळीसाठी.

"निघालीस का मावशी?"

तिनं चुलीकडे पाहिलं. "ओली टाकून कशी जाऊ बाबू?"

मी तसाच कामावर गेलो. माझ्याजवळ त्या क्षणासाठी एकही घोषणा नव्हती, आणि मला तिची गरजही वाटली नाही.

चूल वाळेपर्यंत गाठोडं बांधलेलंच राहिलं. मग एके दिवशी त्यातला तवा बाहेर आला, मग परात. मग मामीच पीठ घेऊन आली आणि पहिल्या भाकरीला नावं ठेवत दुसरी मागितली.

मामीचा मावसभाऊ आला तेव्हा मी तिथेच होतो. वळकटी घेऊनच आला होता बिचारा. मावशी दाणेबाजारात गेलेली. त्यानं आत डोकावून विचारलं, "अठी तं कोनी दिसत न्हाई, बाई."

मामी दारात आडवी उभी राहिली. "कामाले गेली. गिरजाबाई राह्यते अठी. चूल दिसत न्हाई तुले? डोये फुटले काय?"

माझं पत्रक मी आजही मागे घेत नाही. छप्पर हक्कच आहे. पण आता लिहीन तर पुढे एवढं जोडीन: दार उघडून देणं हे निम्मंच काम. आपण तिथे नसताना कोणालातरी त्या दारात उभं राहून आपलं नाव सांगावं लागतं.

परवा गावाकडून चुलतभाऊ आला होता. सांगत होता, माझा शाळेतला एक मित्र दुसरबीडला आमच्या घरी मला शोधत आला. मायनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तो इथं नसतो आता. शेगावला राहतो." दादा शेजारीच होते. तेही नाही म्हणाले नाहीत.

मी खिळे जुळवत होतो. त्या दिवशी माझ्या हातून एकही ओळ सरळ लागली नाही. वाईट वाटलं होतं का, ते अजून ठरवता येत नाही. पण आमच्याच उंबऱ्यावर उभं राहून मायनं सांगितलं, म्हणजे मी शेगावचा हे आता खरं झालं.