चिंचेच्या पाण्यात वीस काडतुसं

आमच्या लेले घराण्यात आजवर कोणी शिकार केलेली नाही. एकदा आजोबांच्या सायकलखाली एक सरडा आला, तर त्यांनी त्याचं तीन दिवस सुतक पाळलं. (तिसऱ्या दिवशी तोच सरडा कुंपणावर ऊन खाताना दिसला, तेव्हा कुठे ते जेवले.) अशा घराण्यातला मी, बासष्टाव्या वर्षी, जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये, सरकारी शिक्क्याचा परवानाधारक शिकारी झालो.

कारण वसुधा गेली.

हे ऐकून लोकांना वाटतं की दुःखाने माणूस हिंस्र होतो. तसं काही नाही. दुःखाने माणूस संध्याकाळी मोकळा होतो, इतकंच. लग्नानंतरची एकतीस वर्षं आमच्या घरातल्या संध्याकाळी वसुधाने सांभाळल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मी घरी यायचो, ती बोलायची आणि मी "हं" म्हणायचो. ती गेल्यावर मला कळलं की "हं" हे एकट्याने म्हणता येत नाही.

मग मुक्ताचा, आमच्या मुलीचा, फ्रँकफर्टहून फोन आला.

"बाबा, तू एखाद्या फेराइनमध्ये जा ना."

"कसल्या मंडळात जाऊ?"

"एगाल, कसल्याही! इथे सगळ्याचं मंडळ असतं. गाण्याचं, कबुतरांचं. नुसता घरी बसू नकोस, प्लीज, बिट्टऽ!"

मी चौकशी केली. गाण्याच्या मंडळाने माझा आवाज ऐकून कबुतरांच्या मंडळाचा पत्ता दिला. कबुतरांच्या मंडळाने नऊ महिन्यांची प्रतीक्षायादी दाखवली. शेवटी मी माझ्या पद्धतीने निवड केली: कोणत्या छंदाचं पाठ्यपुस्तक सर्वांत जाड आहे? शिकारीचं! या देशात बंदुकीला हात लावण्याआधी झाडं, पक्षी, जनावरांचे रोग, कायदे आणि कुत्र्यांच्या जाती पाठ कराव्या लागतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी वर्ग, तोही सहा महिने! मी हरखून नाव घातलं. परीक्षेत पहिला आलो. (हे कोणी विचारलं नाही, पण कुठेतरी सांगायचं राहिलं होतं.)

परीक्षा पास झाल्यावर शिकार करावी लागते, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वर्गात बंदुका शिकवणारे हेर केसलर (हेर म्हणजे इथे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे) माझ्याच गल्लीत राहतात. वय चौऱ्याहत्तर. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. परीक्षेनंतर ते दर गुरुवारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. मी चहा करायचो. ते "याऽ" (म्हणजे हो) म्हणायचे, मी "हं" म्हणायचो. खिडकीबाहेर सायकली जायच्या, त्या आम्ही बघायचो. आठवड्याभरातला माझा जिवंत माणसाशी संवाद तो एवढाच. (ग्रंथालयात बोलायला बंदी असते आणि ती मीच घालतो.)

एका गुरुवारी चहा संपल्यावर ते म्हणाले, "आल्झो, हेर लेले. हरणांचा मोसम सुरू होतोय. तीन आठवड्यांनी, गुरुवारी संध्याकाळी, मचाणावर बसू. तिथे दोघांचीच जागा आहे. तुम्ही येणार नसाल तर तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टला नेतो. तो कधीचा मागे लागलाय."

"येतो की!" मी म्हणालो.

मला हरीण मारायचं नव्हतं. पण माझा गुरुवार त्या डेंटिस्टला द्यायचा नव्हता.

"बंदूक माझी जुनी घ्या," केसलर म्हणाले. "गोळी मात्र तुम्ही निवडा. ती ज्याची त्याने निवडायची."

निवडा म्हटल्यावर मी वाचायला बसलो. गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये, म्हणजे जवाच्या दाण्यांत, मोजतात हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आमच्याकडे सोनं गुंजांत मोजायचे, तसंच हे. शिशाची गोळी आत जाऊन फुटते आणि मांसात शिसं सांडते, म्हणून आमच्या जंगलात तिला बंदी. तांब्याची गोळी तुटत नाही, फुलासारखी उमलते. पण छोट्या हरणासाठी ती लवकर उमलायला हवी आणि एल्कसाठी उशिरा. एल्क म्हणजे घोड्यापेक्षा उंच, डोक्यावर दोन सुपं बांधल्यासारखी शिंगं असलेलं प्रचंड हरीण. त्याच्यासाठी घडवलेली टणक गोळी आमच्या छोट्या हरणातून सुई कापडातून जावी तशी आरपार जाते आणि त्याला धड मरणही देत नाही. दोघांनाही चालेल अशी एकच गोळी शोधण्यात माझे आठ दिवस गेले.

दुकानात काउंटरवर एक धिप्पाड बाई होत्या.

"कशासाठी हवी?"

"हरणासाठी. आणि एल्कसाठी."

"नॉर्वेला जाताय का?"

"नाही, इथेच."

"इथे एल्क नाहीत."

"एखादा पोलंडहून वाट चुकून आला तर?"

"तर त्याला मारायला बंदी आहे."

"माहीत आहे, पुस्तकात आहे," मी म्हणालो. "तरी आपली तयारी असावी."

बाईंनी माझा परवाना उजेडात धरून दोनदा पाहिला, आणि चार प्रकारची काडतुसं समोर ठेवली.

चार अशासाठी, की गोळी बंदुकीलाही पसंत पडावी लागते. नेमबाजीच्या मैदानावर केसलरांच्या बंदुकीने पहिल्या तिघींना नकार दिला. एक गोळी डावीकडे गेली, एक वर, तिसरी कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. चौथी बरोबर मध्ये लागली. (वसुधानेही माझ्याआधी तिघांना नकार दिला होता. चौथ्याच्या वेळी मी दमले होते रे, असं ती म्हणायची.) केसलरांनी बंदुकीवरची दुर्बीण त्या गोळीवर बेतली आणि बजावलं, "आता हीच. दुसरी चालणार नाही."

अशी वीस काडतुसं मी घरी आणली. खाली पितळ, टोकाला तांबं! कुलूपबंद पेटीतून ती रोज संध्याकाळी बाहेर काढायची, टेबलावर ओळीने उभी करायची, एकेक हातात घेऊन बघायची, परत ठेवायची. (घरात माणूस नसलं की हे असं होतं.) रोजच्या हाताळण्याने ती काळपट पडू लागली. त्यात बुधवारी केसलरांचा फोन आला.

"उद्या चार वाजता. सगळं स्वच्छ असू द्या. गेनाऊ?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो आणि टेबलाकडे पाहिलं. स्वच्छ! त्याच वेळी सांगलीहून अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, व्हिडिओ कॉल आला. मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला जातो, अशी तिची समजूत मी करून दिली होती.

"बाळू, ते मागे टेबलावर काय रे ओळीने मांडलंयस?"

"काही नाही, अक्का. तांब्या-पितळेचं आहे."

"देवाचं?"

"देवाकडे नेणारं."

"मग असं काळं ठेवतात? वसुधा असती तर ठेवलं असतं का? चिंच-मीठ लाव चांगलं. तासभर भिजव आणि काथ्याने घास. हे पण मीच सांगायचं का, एवढी पुस्तकं वाचतोस!"

चिंच घरात होती. शेवटच्या सांगलीच्या फेरीत वसुधाने स्वतः चिंचोके काढून, मीठ लावून बरणी भरून आणली होती. बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी: "चिंच. नवीन. आधी जुनी संपवणे." जुनी कधीच संपली होती. पण नवीन उघडली की तीही जुनी होणार, म्हणून दीड वर्ष मी तिला हात लावला नव्हता. आमटीत आमसूल घालत होतो. आता मात्र प्रश्न गुरुवारचा होता. मी झाकण उघडलं आणि वास आला, तेव्हा थोडा वेळ स्टुलावर बसलो.

गुरुवारी दीड वाजता वीसही काडतुसं पातेल्यात बुडाली. मी घासली, परत बुडवली, परत घासली. काय लखलखली म्हणून सांगू! दिवाळीतली वसुधाची घागरच. शिकारीचा हिरवा कोट आणि वसुधाने विणलेली कानटोपी घालून मी त्यांच्याकडे बघत उभा होतो, तोच बेल वाजली. साडेतीन! केसलर आयुष्यात प्रथमच अर्धा तास लवकर आले होते. बहुधा त्यांनाही घरात बसवत नव्हतं.

"हेर लेले, काय शिजतंय?"

"शिजत नाही. भिजतंय."

त्यांनी चष्मा लावला आणि ते पातेल्यावर वाकले.

"या आपल्या गोळ्या आहेत?"

"स्वच्छ केल्या. तुम्हीच म्हणालात."

"मी बुटांबद्दल म्हणत होतो! कसलं पाणी हे?"

"टामारिंडेचं. आणि मीठ."

"आंबट. वर खारट." ते खुर्चीत बसले. "किती वेळ?"

"दोन तास. पण मध्ये मध्ये बाहेर काढत होतो."

"काडतुसाला पाणी, तेल आणि आम्ल लागू द्यायचं नाही. यातली एकही आता भरवशाची नाही. परीक्षेत मीच विचारलं होतं हे तुम्हाला! काय उत्तर दिलंत?"

"बरोबर दिलं होतं."

"मी पैकीच्या पैकी गुण दिले!"

दुसरी गोळी बंदुकीला चालत नव्हती आणि तीच पुन्हा आणावी तर दुकान गुरुवारी दुपारीच बंद होतं. शिकार बुडाली. केसलर उठले, तेव्हा मी मनात त्यांच्या मागोमाग जिना चढलो: पहिला मजला, दुसरा, तिसरा, आणि दारात हसत उभा असलेला तो डेंटिस्ट.

पण ते दाराकडे गेले नाहीत. ते खिडकीपाशी गेले. तिथे कुंडीत वसुधाची तुळस आहे, दोन हिवाळ्यांत मरतुकडी झालेली. तिची त्यांनी एक डहाळी मोडली, तिचे दोन तुकडे केले आणि एक पातेल्यात, गोळ्यांवर, हळूच ठेवला.

इथल्या शिकाऱ्यांची ही जुनी रीत आहे. पडलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची: शेवटचा घास. वर्गात हे पान आलं तेव्हा पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर गेलो होतो. वसुधाच्या वेळी तुळशीचं पान आणायला मी क्लिनिकमधून घरी आलो होतो, बसने. परत पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पान माझ्या हातातच राहिलं.

केसलरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी डहाळीचा दुसरा तुकडा, रीतीप्रमाणे, शिकाऱ्याच्या टोपीत म्हणजे माझ्या कानटोपीत खोचला, टाचा जुळवल्या आणि हात पुढे केला.

"वाइडमान्सहाइल, हेर लेले."

शिकार साधलेल्या माणसाचं असं अभिनंदन करतात. त्यावर "वाइडमान्सडांक" म्हणायचं असतं. तेवढं मला आठवलं, पण आवाज भलताच निघाला.

"चिंच गेली डोळ्यांत," मी म्हणालो.

"याऽ," केसलर म्हणाले. "जाते." मग बरणीकडे बोट करत: "एरवी या टामारिंडेचं तुम्ही करता काय?"

मी उरलेल्या चिंचेतली थोडी घालून आमटी केली. (दुसऱ्या पातेल्यात!) केसलरांनी तीन वाट्या संपवल्या. नाक पुसलं, घाम पुसला, चौथी मागितली.

"आणि डेंटिस्ट?" मी शेवटी विचारून टाकलं.

"तो फार बोलतो."

"म्हणजे पुढच्या गुरुवारी?"

केसलरांनी खिडकीबाहेरच्या सायकलींकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले.

शनिवारी मी ती वीस काडतुसं दुकानात परत नेऊन दिली, नष्ट करण्यासाठी. काउंटरवरच्या बाईंनी एक उचलून हुंगलं.

"नव्याकोऱ्या गोळ्याही मी इतक्या चकचकीत पाहिल्या नाहीत. मोसमाची सुरुवात कशी झाली?"

"वीस बळी," मी म्हणालो. "सगळे तांब्याचे. सगळे बेसावध."

"आणि आता तो पोलंडचा एल्क आला तर?"

"येऊ दे," मी म्हणालो. "फक्त गुरुवारी नको. बाकी कधीही येऊ दे, मी घरीच असतो."